नव्या नोकरीची धाकधूक: रुजू होण्याआधीपासून पहिल्या महिन्यापर्यंत काय काय करायचं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी पर्सोनेल, म्हणजे माणसांच्या नेमणुकीचं खातं, बघते. रुजू व्हायला आलेल्या माणसाला मी आधी पाणी देते, फॉर्म नंतर. तोंडाला कोरड पडलेली असते आणि पाणी मागायचा धीर नसतो. आयटीआय करून आलेला पोरगा असो, वालचंदमधून बाहेर पडलेला इंजिनिअर असो, की दुसरीकडे पंधरा वर्षं काढून आलेले अकाउंटंट असोत, सही करताना हात थोडा थरथरतोच.

एवढी माणसं बघून माझं मत झालंय की यातली बरीचशी भीती कामाची नसते. काम येतं म्हणूनच तर घेतलेलं असतं. भीती असते ती गेट कुठलं, बसायचं कुठं, डबा कुणाबरोबर खायचा, मोठ्या साहेबांना काय म्हणायचं, याची. म्हणून ‘आत्मविश्वास बाळगा’ वगैरे मी सांगणार नाही. तो मागून येतो. त्याआधी अनोळखी गोष्टी एकेक करून ओळखीच्या करता येतात, आणि त्यातल्या निम्म्याअधिक तर रुजू होण्याआधीच.

भीती कागदावर उतरवा

रुजू व्हायच्या चार-पाच दिवस आधी दहा मिनिटं काढा आणि डोक्यात जे जे घोळतंय ते लिहून काढा. अक्षर, व्याकरण, काही बघू नका. ‘बस चुकली तर’, ‘इंग्रजीत बोलावं लागलं तर’, ‘आधीच्या कंपनीतलं सॉफ्टवेअर वेगळं होतं’, ‘सगळे माझ्यापेक्षा लहान असतील’, सगळं.

लिहिण्याचा उपयोग होतो याला थोडा आधारही आहे. जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक या संशोधकांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रयोग मांडले होते. परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं आपली भीती लिहून काढणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांना चांगले गुण पडले. परीक्षेचं नोकरीला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. पण कागदावर आलं की यादीची वाटणी करता येते. एका फोनने सुटणाऱ्या गोष्टींवर खूण करा. बहुतेकांच्या कागदावर त्याच जास्त निघतात.

एक फोन, एक फेरी

फोन करायला लोक लाजतात. वाटतं, ‘एवढं पण कळत नाही का’ म्हणतील. खरं सांगते, आधी फोन करणारा माणूस आम्हाला बरा वाटतो. पहिल्या दिवशी दोन तास कमी घोळ होतो. फोनवर एवढंच बोलायचं: “नमस्कार मॅडम, मी सोमवारी रुजू होतोय. किती वाजता यायचं, कुठल्या गेटनं आणि कुणाला भेटायचं? येताना कागद काय काय आणू? जेवणाची सोय आहे की डबा आणायचा? सेफ्टी शूज कंपनी देते की माझे घालून येऊ?” आणि शेवटी सुट्टीचा वार विचारा. कारखान्यात तो रविवारच असेल असं धरून चालू नका.

जिथं पर्सोनेल खातंच नाही तिथं हे जास्त गरजेचं. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून लागलात, तर शेठ फक्त “उद्यापासून ये” म्हणतात, झाली नेमणूक. तिथं पगार किती, महिन्याच्या कुठल्या तारखेला, आणि हळदीचे सौदे जोरात असताना घरी जायची वेळ काय, या तीन गोष्टी पहिल्या दिवसाच्या आधीच तोंडी का होईना ठरवून घ्या. न विचारलेला पगाराचा प्रश्न महिनाभर पोटात राहतो आणि त्याला आपण ‘नव्या नोकरीचं टेन्शन’ म्हणत बसतो.

मग एक फेरी. रुजू होण्याआधी एकदा, कामाच्या दिवशी आणि कामाच्याच वेळेला कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन या. रविवारी दुपारी जाऊन उपयोग नाही. सांगली ते मिरज हे दहा-एक किलोमीटर आहे म्हणून निवांत राहणारे लोक शिफ्ट सुटायच्या वेळी कुपवाड रस्त्यावर अडकतात. वडापने, म्हणजे शेअर जीपने, जाणार असाल तर ती भरल्याशिवाय हलत नाही, हेही वेळेत धरा. चहाची टपरी, पंक्चरवाला, बस थांबायची जागा बघून ठेवा. जमलं तर गेटवरच्या वॉचमनशी दोन शब्द बोला. पहिल्या दिवशी आत जाताना एक तरी चेहरा ओळखीचा असणं ही फार मोठी गोष्ट असते.

जुलै-ऑगस्टमध्ये रुजू होत असाल आणि सांगलीवाडी किंवा पलूस, वाळव्याकडून यायचं असेल, तर पुराचा विचार आधीच करा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. 2019 आणि 2021 ला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. पाणी वाढायला लागलं तर कुणाला कळवायचं, तो नंबर फोनमध्ये असू द्या. नव्या माणसाला रजा मागायची भीती वाटते, पण पुराचं कारण इथल्या कुठल्याही साहेबांना समजावून सांगावं लागत नाही. न कळवता गैरहजर राहिलेलं मात्र खटकतं.

कागदपत्रं

एका प्लास्टिक फोल्डरमध्ये आधार, पॅन, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, दहावीपासूनच्या मार्कलिस्ट, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, चार पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेवढं बघा. आधारवर वडिलांचं नाव आहे, पॅनवर नाही, मार्कलिस्टवर आडनावात एक अक्षर जास्त, हा घोळ पीएफच्या वेळी बाहेर येतो. रुजू होतानाच तो आमच्या कानावर घाला, दुरुस्त होतो.

आधी कुठं नोकरी केली असेल तर तुमचा यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) तोच चालू राहतो. नवा काढायचा नसतो.

हे पगाराचं आत्ताच समजून घ्या, कारण पहिली स्लिप बघून धसकणारे मी खूप पाहिलेत. पीएफसाठी मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर 12 टक्के कापले जातात आणि तेवढीच भर कंपनी घालते. महिन्याचा एकूण पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि कंपनीला ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू असेल, तर तुमचे 0.75 टक्के जातात आणि कंपनी 3.25 टक्के भरते. व्यवसाय कर पुरुषांना 10,000 च्या वर पगार असला की महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. महिलांना 25,000 पर्यंत तो नाही. शिवाय तुम्ही अठरा तारखेला रुजू झालात तर पहिला पगार अर्धवट महिन्याचाच येणार. एक मुलगा पहिली स्लिप घेऊन पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आला होता. त्याला वाटलं, काम पसंत नाही म्हणून पैसे कापले.

आदली रात्र आणि सकाळ

आदल्या रात्री घर भरलेलं असतं. आत्या फोन करते, शेजारच्या काकू पगार विचारतात, वडील “साहेबांच्या समोर उलटं बोलू नको” हे तिसऱ्यांदा सांगतात. सगळं प्रेमापोटी, पण धडधड वाढवणारं. नऊनंतर फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

दर्शनाचंही आधीच ठरवा. गणपतीच्या देवळात जाऊनच कामावर जायचं असा बहुतेक घरांचा आग्रह असतो आणि तो मोडायचं कारण नाही. पण सकाळी आठला गेटवर पोहोचायचं असेल तर दर्शन आदल्या संध्याकाळी घ्या. मुहूर्ताची वेळ नऊ चाळीसची निघाली तर ती घरच्या घरीच ठेवा. टाइम ऑफिसचं घड्याळ पंचांग बघत नाही.

झोप लागली नाही तर लागली नाही. एका रात्रीच्या अर्धवट झोपेनं पहिला दिवस बुडत नाही, कारण पहिल्या दिवशी सहसा फॉर्म भरणं, सेफ्टीची माहिती आणि फिरून बघणं एवढंच असतं. ‘झोप येत नाही’ या काळजीनं मात्र उरलीसुरलीही जाते.

सकाळी पोट रिकामं ठेवू नका, पण तिखट मिसळही नको. पोहे, उपीट, भाकरी-भाजी, रोजचं जे असेल ते. चहा एकच कप. भीतीनं आधीच छाती धडधडत असताना त्यावर चहाचे तीन कप म्हणजे धडधड आपणच वाढवणं.

गेटबाहेरची पाच मिनिटं

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा, अर्धा तास आधी नको. अर्धा तास बाकड्यावर बसून भीती मुरत जाते.

शरीरात काय चाललेलं असतं? धोका दिसला की अड्रेनॅलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हाताची बोटं गार पडतात आणि पोटात गोळा येतो. पळून जाण्यासाठीची ही तयारी असते आणि आपण उभे असतो हजेरीच्या रांगेत. याला थांबवायचं बटण आपल्याकडे एकच, श्वास. चार मोजत नाकानं श्वास घ्या, सहा किंवा आठ मोजत सावकाश सोडा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. दोन-तीन मिनिटं पुरतात. प्राणायाम करणाऱ्यांना हे नवीन नाही, पण लोक तो घरी चटईवर करतात आणि गरज असते तिथं विसरतात.

आणि स्वतःला “शांत हो, शांत हो” म्हणू नका. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये केलेल्या प्रयोगांत, भाषण करण्याआधी किंवा गाण्याआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांनी चांगली कामगिरी केली. छाती दोन्ही वेळा धडधडते, तिला कशाची धडधड म्हणायचं एवढंच आपल्या हातात. आपल्याकडे कुणी ‘मला उत्साह वाटतोय’ असं मनाशी म्हणत नाही, ते मलाही हसू आणतं. “चला, बघूया तरी” म्हणा. काम तेच होतं.

पहिला तास आणि ‘गाव कुठलं?’

ओळख करून देताना दोन वाक्यं पुरे: नाव, आणि कुठल्या खात्यात रुजू झालोय. आधीच्या कंपनीचं कौतुक नको, तिची निंदा तर अजिबातच नको.

संबोधनाचा सोपा नियम: पहिल्या दिवशी सगळ्या वरिष्ठांना ‘सर’, ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’, आणि बाकी सगळ्यांना अहो-जाहो. मग कान उघडे ठेवा. दोन दिवसांत कळतं की स्टोअरचे अण्णा हे सगळ्यांचेच अण्णा आहेत आणि पॅकिंगच्या ताईंना ‘मॅडम’ म्हटलं तर त्या हसतात. हेल्परला पहिल्याच दिवशी ‘ए’ करून हाक मारणारा इंजिनिअर सहा महिने मदतीवाचून राहतो. तो का राहतो हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

मग तो प्रश्न येणारच: “गाव कुठलं?” आपल्या भागात याच्याशिवाय ओळख पुढं सरकत नाही. त्याला घाबरू नका, तो बहुतेक वेळा उघडलेला दरवाजा असतो. तुम्ही ‘तासगाव’ म्हणालात की समोरचा द्राक्षबागेचं विचारणार, ‘विटा’ म्हणालात की त्याच्या मेहुण्याचं सांगणार. बोलणं सुरू झालं की घशातली कोरड जाते. कधी मात्र हाच प्रश्न आडनावावरून पुढं जातीकडे सरकतो. तिथं उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. “मूळचे तिकडचेच” म्हणून कामाचं काही विचारा आणि विषय बदला. पगाराचंही तसंच. “ठरल्याप्रमाणे आहे” एवढं उत्तर पुरतं.

डबा

जेवणाच्या सुट्टीची भीती लोक बोलून दाखवत नाहीत, पण तीच सगळ्यात मोठी असते. काम करताना हाताला काम असतं. साडेबाराला भोंगा होतो, सगळे आपापल्या टोळक्यात जातात आणि नवा माणूस डबा हातात घेऊन मध्येच उभा राहतो. काही जण चक्क जेवत नाहीत, फोनवर बोलायचं नाटक करत गेटबाहेर जातात. ते करू नका. पहिल्या दोन दिवसांत एकटे जेवलात की तीच तुमची जागा होऊन बसते.

सकाळी ज्यानं तुम्हाला जागा दाखवली किंवा मशीन समजावलं, त्यालाच अकराच्या सुमारास विचारून ठेवा: “दुपारी जेवायला कुठं बसता? मी तुमच्याबरोबर आलो तर चालेल का?” नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. डब्यात भाजी थोडी जास्त न्या. शेंगदाण्याची चटणी, घरचं लोणचं, शनिवारी पुडाभर भडंग मधोमध ठेवलं की कुणी ओळख विचारायची वाट बघत नाही. पण कुणाच्या डब्यात काय आहे, कोण काय खातं, यावर पहिल्या महिन्यात एकही शेरा नको, गमतीनंसुद्धा नको.

ऐका जास्त. जेवताना सगळं कळतं: कुठले साहेब सकाळी चिडलेले असतात, कुठलं मशीन कुरकुरतं, रजा कुणाकडून लवकर मंजूर होते. कुठल्या टोळीचं कुणाशी पटत नाही हेही कळेल. ते ऐकायचं आणि डब्याबरोबर घरी न्यायचं, दुसऱ्या टेबलावर नाही.

वही

खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा. अनेक प्लांटमध्ये शॉपफ्लोअरवर फोन चालत नाही, म्हणून फोनवर विसंबू नका. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्येच दाखवलं होतं की नवीन पाठ केलेल्यातलं बरंचसं आपण पहिल्या काही तासांतच विसरतो. तेव्हा सोमवारी सांगितलेलं मंगळवारी आठवत नाही म्हणजे आपण मठ्ठ, असं समजू नका.

मागच्या पानापासून माणसांची नावं लिहा, सोबत एखादी खूण: ‘चष्मा, क्वालिटी, कवठेमहांकाळचे’. पुढच्या पानांवर कामाच्या पायऱ्या. विचारताना “मला येत नाही” असं म्हणण्यापेक्षा “इथपर्यंत मी केलंय, पुढं कसं करता तुम्ही?” असं विचारा. समोरच्याला शिकवायला बरं वाटतं. पाच बारीक शंका असतील तर त्या साठवून एकदम चहाच्या वेळी विचारा. पण सुरक्षेची शंका, मशीनच्या गार्डबद्दलची, विजेबद्दलची, औषधाच्या डोसबद्दलची, एक मिनिटही साठवायची नाही. मिरजेच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलेल्या माझ्या भाचीला तिच्या वरच्या नर्सनं पहिल्याच ड्युटीला हेच बजावलं: दहा वेळा विचार, पण अंदाजानं देऊ नको.

चूक झाली तर

होणार. अडत दुकानात पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबावर, वजन चुकीचं चढणार, कार्यालयात मेल भलत्यालाच जाणार, मशीनवर एखादा जॉब रिजेक्ट होणार. लक्षात आल्याबरोबर, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी, तुम्हीच जाऊन सांगा. क्रम असा: काय झालं, आत्ता कुठपर्यंत गेलंय, तुम्ही काय थांबवलंय. कारणं मागितली तरच द्या. पट्टीतली चूक शेतकऱ्याला पैसे देण्याआधी सापडली तर ती खोडून दुरुस्त होते, दिल्यावर सापडली तर भांडण होतं. वेळेचा फरक आहे सगळा.

त्यानंतर रात्रभर ‘सगळे मलाच हसत असतील’ असं वाटतं. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या प्रयोगात, 2000 साली तो प्रसिद्ध झाला, विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांच्या ते लक्षात येईल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात चौथाई लोकांच्याच लक्षात आलं. तुमच्या चुकीचंही तेच. संध्याकाळी प्रत्येकाला आपल्या पोराची फी आणि आपला ईएमआय दिसत असतो.

दुसरा-तिसरा आठवडा

याबद्दल कुणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात लोक सांभाळून घेतात. दुसऱ्यात कामाचा खरा बोजा येतो, नवेपणाची सवलत संपते आणि ‘आपली निवड चुकून झाली’ असं वाटू लागतं. मानसशास्त्रात याचा अभ्यास 1978 पासून आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी तो आधी कर्तबगार स्त्रियांमध्ये नोंदवला. म्हणजे ज्यांना खरंच काम येतं त्यांनाही हे वाटतं.

इथं एकच काम करा. शनिवारी सुटायच्या आधी सुपरवायझरला दोन मिनिटं मागा आणि विचारा: “या आठवड्यात माझं काय बरं झालं आणि पुढच्या आठवड्यात मी कशाकडे जास्त लक्ष देऊ?” “कसं चाललंय माझं?” असं विचारलं तर “ठीक आहे” एवढंच मिळतं, आणि त्या ‘ठीक’वर रविवार जातो. सांगितलेली एक गोष्ट वहीत लिहा आणि सोमवारी तीच आधी करून दाखवा.

जुने लोक गंमत करतीलच. नसलेलं हत्यार आणायला स्टोअरमध्ये पाठवतील. एकदा हसून सोडा. रोज तेच व्हायला लागलं, आई-बहिणीवरून किंवा जातीवरून बोलणं आलं, किंवा कुणी अंगचटीला येऊ लागलं, तर ती धाकधूक नव्हे आणि श्वास मोजून ती जाणार नाही. तारीख, वेळ, कोण होतं ते लिहून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्यानं सक्तीचं आहे. त्याहून छोट्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

कधी डॉक्टरांकडे जायचं

धाकधूक साधारणपणे महिनाभरात उतरत जाते. उतरण्याऐवजी ती चढत असेल, रोज सकाळी उलटी होत असेल, आठवडे झोप नसेल, अचानक छाती घट्ट होऊन जीव जाईल असं वाटत असेल, किंवा दारू आणि झोपेच्या गोळ्यांशिवाय दिवस निघत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं तर आधी हृदय तपासून घ्या, ‘टेन्शनचंच असेल’ असं घरीच ठरवू नका. मानसोपचाराच्या ओपीडीत जाताना कुणी ओळखीचं भेटेल या भीतीनं लोक थांबतात. तसं वाटत असेल तर आधी 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 पासून सुरू, चोवीस तास आणि मोफत. मराठीतून बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर “नवीन नोकरी लागलीय आणि मला झोप लागत नाही” एवढंच म्हणा, पुढचं ते विचारतात.